जुळ्याला बायको नव्हती

परशुराम डिंगणकरचा जुळा भाऊ जन्माला आला, तेव्हा परशुरामची साठी उलटून गेली होती. तो आईच्या पोटी जन्मला नाही. चिपळूणच्या एका रुग्णालयाच्या तळघरात, थंडगार कपाटांच्या रांगेत जन्मला. आणि कोंबडा आरवायच्या आत लाखो वेळा म्हातारा होऊन लाखो वेळा मेला.

"म्हंजे माझा मुडदा किती वेळा पाडलात, बाई?" परशुरामने विचारलं.

डॉक्टर खातू हसल्या. गुहागरच्या बाजारपेठेतली मुलगी, लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून परशुरामचे सवाल-जवाब ऐकलेली. पेशंटला नावाने हाक मारायची तिथली पद्धत. ह्या एकट्याला त्या शाहीर म्हणत. "मोजले नाहीत, शाहीर. पण प्रत्येक वेळी तो आम्हाला काहीतरी सांगून गेला."

समोरच्या भिंतीवर उजेडाचा एक माणूस हळूहळू स्वतःभोवती फिरत होता. परशुरामसारखाच किंचित वाकलेला डावा खांदा, तसंच सुटलेलं पोट. कातडी मात्र नव्हती. आतलं सगळं आरपार दिसत होतं. ओटीपोटाच्या तळाशी, मूत्राशयाच्या खाली, अक्रोडाएवढी एक गाठ आणि तिच्या उजव्या अंगाला लाल ठिणगी.

सुरुवात अगदी साधी झाली होती. साठी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या दंडाला आता नखाएवढी पट्टी चिकटवली जायची, ती रक्तावर नजर ठेवायची. फाल्गुनात परशुरामची पट्टी लाल झाली. मग तपासण्या झाल्या, सुईने काढलेले बारीक तुकडे पाहिले गेले, आणि निदान झालं: प्रोस्टेटचा कर्करोग. फार पुढे गेलेला नव्हता, पण झोपलेलाही नव्हता.

पूर्वी अशा वेळी डॉक्टर म्हणत, तुमच्यासारख्या शंभर रुग्णांत इतके बरे होतात. आता त्या शंभरांची गरज उरली नव्हती. तुकड्यांतल्या पेशींचा वाण वाचायचा, छायाचित्रांवरून गाठीचा नकाशा काढायचा, पट्टीने टिपलेली रक्ताची लय त्यात ओतायची, आणि संगणकात पेशीगणिक तोच देह उभा करायचा. त्याला सगळे जुळा म्हणत. जुळ्यावर एकदा शस्त्रक्रिया करून बघायची, एकदा किरण देऊन, एकदा काहीच न करता नुसतं लक्ष ठेवून. आणि दर वेळी त्याची पुढची दहा-पंधरा वर्षं एका रात्रीत पळवायची. खरा माणूस अंथरुणात घोरत असताना त्याचं सगळं भविष्य जुळा भोगून मोकळा व्हायचा.

परशुरामने बराच वेळ त्या उजेडाच्या माणसाकडे बघितलं. "ह्याला बायको हाय का?"

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तो एकटाच असतो."

"मग बरोबर. उगाच नाय एवढ्यांदा मेला."

शेजारी बसलेल्या वनिताने त्याला कोपराने ढोसलं. ती त्याची बायको. दवाखान्यात थट्टा करू नये अशा मताची. तिच्या पलीकडे मुलगा सिद्धेश, पुण्याहून रजा घेऊन आलेला. त्याने महिनाभरात प्रोस्टेटवर सापडेल ते सगळं वाचून काढलं होतं. डोळे खोल गेले होते पोराचे.

"बाबा, मस्करी पुरे. आता प्रश्न विचारतील, नीट उत्तरं द्या."

कारण जुळा फक्त काय होईल ते सांगू शकत होता. त्यातलं बरं काय आणि वाईट काय, हे त्याला कळत नव्हतं. एका वाटेने आयुष्य थोडं जास्त, पण लघवीवरचा ताबा जाण्याचं भय. दुसऱ्या वाटेने ताबा राहील, पण थकवा पाठ सोडणार नाही. कोणत्या गोष्टीला किती वजन, ते माणसाने सांगायचं. यंत्र शून्य ते दहा असं वजन विचारून घ्यायचं आणि सगळं पारड्यात टाकून एकच वाट काढायचं. तोच आराखडा पुढे शस्त्रक्रियेच्या यंत्रहाताकडे जायचा, आणि तो हात आराखड्याबाहेर केसभरही हलायचा नाही.

खोलीत एका बाईचा मऊ आवाज आला. आयुष्य वाढण्याला किती वजन द्याल? दहा, परशुराम म्हणाला. रोजची कामं स्वतःची स्वतः करण्याला? नऊ. लघवीवरच्या ताब्याला? तो थोडा थांबला. कार्यक्रमात चार-चार तास मांडी घालून बसावं लागतं. आठ.

"शरीरसंबंधांना किती वजन द्याल?"

परशुरामने मान खाली घातली.

हा शक्ती-तुऱ्याचा शाहीर. तुरेवाल्यांच्या बाजूने उभी हयात गायलेला. समोर शक्तीवाले, इकडे तुरेवाले. मधल्या रिंगणात नाचणारी पोरं, पायात चाळ म्हणजे घुंगरांचे पट्टे. एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने जवाब द्यायचा, आणि जो गप्प बसला तो हरला. हजार माणसांसमोर ह्याने राधेच्या तोंडून कृष्णाला असं काही विचारलेलं की म्हाताऱ्यांनी तोंडावर उपरणं धरावं. आणि आता शेजारी पोटचा पोर बसलेला. परशुराम स्वतःच्या चपलेकडे बघत राहिला. वनिता पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळू लागली.

आवाज फार थांबला नाही. "या भागातील पुरुषांचं नेहमीचं उत्तर शून्य आहे. तेच धरू का?"

"शाहीर, तुम्ही काही बोलता?" डॉक्टर खातूंनी हळूच विचारलं.

परशुरामने मान वर केली नाही. सिद्धेशचे कान लाल झाले होते. त्याला वाटलं, बापाची सुटका करावी. "हो, धरा," तो घाईने म्हणाला. "आता ह्या वयात त्यांचं तसं काही नसतं. पुढचा प्रश्न घ्या."

पुढचा प्रश्न आला. दुसऱ्या दिवशी आराखडाही आला. सगळी ग्रंथी काढायची आणि तिच्या दोन्ही अंगांनी जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जुड्याही. कोळ्याच्या जाळ्याइतके बारीक ते तंतू. पुरुषाचं पुरुषपण त्यांतूनच वाहतं. ठिणगी उजव्या जुडीच्या जवळ होती, डावी निरोगी होती. पण जिला वजनच शून्य ती ठेवून काय करायचं? सगळं साफ केलं तर रोग परतण्याची शक्यता शंभरात पाच. यंत्राच्या दृष्टीने हिशेब चोख होता.

"पाच म्हणजे काहीच नाही, बाबा," सिद्धेश म्हणाला, आणि महिन्याभरात पहिल्यांदा पोटभर जेवला.

*

वैशाखाचं ऊन घरापुढच्या खळ्यात पसरलं होतं. वनिता कोकमं फोडून सोलं वाळत घालत होती, हात मनगटापर्यंत लालभडक. बेड्यातून, म्हणजे कुंपणाच्या फाटकातून, शाहीर गणपत गोरिवले आत आला. हा शक्तीवाला, परशुरामचा जन्माचा वैरी आणि म्हणूनच सगळ्यात जुना दोस्त.

"काय तुरेवाले, ऐकलं तुझा पण जुळा काढला."

"काढला. तुझ्याहून देखणा हाय."

"तुझ्याहून असंल. त्याला निदान गप्प तरी बसता येतं."

गोरिवले ओट्यावर टेकला. वनिताने सरबताचा पेला आणून दिला आणि परत सोलांकडे गेली. पण कान इकडे. गणपतीतल्या बारीचं, म्हणजे सवाल-जवाबाच्या सामन्याचं बोलणं झालं, कोणत्या गावात, कोणाचं ढोलकं. मग गोरिवले पेल्यात बघत म्हणाला, "माझा दोन वर्सांमागं काढला होता. सगळं काढून टाकलं. तुला मी रडगाणं सांगायला आलो नाय, जिवंत हाय मी. नातीचं बारसं बघितलं, माडावर नाय चढत पण माड मोजतो."

"मग?"

"मग काय नाय. मला कोनी इचारलं नाय, एवढंच. मशिनीनं प्रश्न टाकला, मेव्हणा बाजूला बसलेला. तो म्हनला, धरा शून्य. मी मान डोलावली. काय करनार, मेव्हणा तो." त्याने पेला खाली ठेवला. "आता गौळण लिहायला बसतो. पेंद्या लिहिता येतो, हसवता येतं. राधा काय येत नाय. येते, नि दारात उभी राहून परत जाते."

परशुराम त्याच्याकडे बघत राहिला. चाळीस वर्षांत ह्या माणसाने त्याच्यासमोर हार मानली नव्हती.

"तुला मशिनीनं सांगितलं का रे," त्याने सावकाश विचारलं, "की इथल्या पुरुषांचं नेहमीचं उत्तर शून्य हाय?"

"नाय. मला नुसतं इचारलं. नेहमीचं बिहमीचं काय नाय."

परशुराम उठून उभा राहिला. दोन वर्षांपूर्वी यंत्र विचारत होतं. मग मेव्हणा म्हणाला शून्य. कुणाचा भाऊ म्हणाला शून्य, कुणाचा मुलगा, कुणाचा जावई. ज्याला विचारलं तो चपलेकडे बघत बसला. वाडीवाडीतून, तालुक्यातालुक्यातून शून्यं गेली, आणि यंत्र काय, आपण देऊ तेच शिकतं. आता ते नीट थांबतसुद्धा नव्हतं. आमची लाज त्याने आमचा स्वभाव समजून पाठ केली होती. आणि ती आम्हालाच परत ऐकवत होतं, पाठ केलेली कविता पोराने मास्तरला म्हणून दाखवावी तशी.

"आपणच शिकवलं की तिला," तो म्हणाला.

गोरिवले गेल्यावर परशुराम खळ्यात वनिताजवळ येऊन बसला. एक कोकम उचललं, फोडलं, गर बोटाने काढला. ही बायकांची कामं तो करत नसे.

"तू पण गप्प होतीस."

"पोरासमोर काय बोलू?"

"आता पोर नाय."

ती सोलं उलटीपालटी करत राहिली. मग म्हणाली, "चाळ खुंटीला हायत तुमचे. एवढ्या वर्सांत एक घुंगरू गंजलं नाय. ते काय आपोआप?"

जुनी गोष्ट ती. नवीन लग्न, एकच खोली, मधे कुडाची भिंत. पलीकडे आई-बाप, भाऊ-भावजय. पुढे सिद्धू. परशुराम नाचाहून परत यायचा तेव्हा चाळ पायातून काढून मुठीत घट्ट धरायचा, घुंगरू वाजू नये म्हणून. तसाच अंधारात आत यायचा आणि मूठ तिच्या हातात ठेवायचा. ती एकेक बोट उकलायची. शब्द कधी लागलाच नाही. पुढे पक्कं घर झालं, पोर पुण्याला गेला, नाच सुटून तो नुसता गाऊ लागला. खूण मात्र राहिली. अजूनही कधीतरी तो खुंटीवरचे चाळ मुठीत धरून आणायचा. अगदी ह्या शिमग्यापर्यंत.

"डावी बाजू ठेवता येते," तो म्हणाला. "डॉक्टर बाईंना फोन करून विचारलं मी. नुसती उजवी बाजू जाळायची. पण रोग परत येण्याची भीती जास्त. शंभरात चौदा."

वनिताचे हात थांबले. "चौदा."

"हां."

"मला भीती वाटते," ती म्हणाली. "रोगाची नाय. त्या चौदात तुमी निघालात, तर सिद्धू माझ्या तोंडाकडे बघेल. म्हणेल, आईनं बाबांना कशापायी घालवलं. मी काय सांगू त्याला? कोणत्या तोंडानं?"

लाल पाणी तिच्या बोटांवरून ओघळत होतं. त्याने आपल्या धोतराच्या सोग्याने ते पुसलं. डाग पडला, तो पुढे कधी गेला नाही.

"तू नको सांगू," तो शेवटी म्हणाला. "मी सांगतो. त्याच्यासमोरच सांगतो."

समोरच सांगावं लागणार होतं. नियमच तसा होता: ज्याच्या होकारावर वजन धरलं, तो हजर असल्याखेरीज ते बदलायचं नाही. नंतर घरच्यांनी भांडू नये म्हणून कोणीतरी शहाण्याने केलेला.

*

"कशासाठी?" सिद्धेशने जिन्यावरच गाठलं. "बाबा, पाच सोडून चौदा? मी गणित शिकवतो मुलांना. त्यांच्यासमोर काय तोंड दाखवू?"

"आत चल. तिथं सांगतो."

तीच खोली, तोच उजेडाचा माणूस फिरत होता. डॉक्टर खातू खिडकीपाशी उभ्या राहिल्या. आवाजाने विचारलं, "कोणत्या उत्तरात बदल करायचा आहे?"

"तू गाळलंस त्यात."

"शरीरसंबंधांना सध्याचं वजन शून्य. नवीन उत्तर सांगा."

परशुरामने घसा खाकरला. रात्रभर जुळवलेलं होतं त्याने. डोळे मिटले, डावा हात कानाशी नेला आणि सुरू केलं:

"बाग राखिली दोघांनी ती, शिंपून ओंजळ-ओंजळ,
पानगळीच्या झाडालाही फुटते हळूच कोवळ..."

आवाज लागला होता छान. बाहेरून जाणारी एक परिचारिका दारात थांबली.

"उत्तर समजलं नाही," यंत्र म्हणालं. "कृपया बागेबद्दल नको, स्वतःबद्दल सांगा."

डॉक्टर खातूंनी ओठ दाबले. परशुराम चिडला. दुसरं कडवं काढलं. त्यात नदी होती, नाव होती, जुना नावाडी होता.

"उत्तर समजलं नाही. या भागातील पुरुषांचं नेहमीचं उत्तर शून्य आहे. तेच ठेवू का?"

सिद्धेश पुटपुटला, "ठेवू दे ना, बाबा."

आणि परशुरामला कळलं की आपण आयुष्यभर काय केलं. राधा पुढे केली, कृष्ण पुढे केला, बाग, नदी, पाखरं, सगळ्यांना पुढे केलं आणि आपण मागे लपलो. हजार माणसांनी टाळ्या दिल्या त्या लपण्याला. त्या भिंतीवरच्या माणसाची गत तीच. आरपार उघडा, पण स्वतःचं म्हणून बोलायला एक शब्द नाही.

"थांब," तो म्हणाला. "ठेवू नको."

त्याचा आवाज गाण्याचा नव्हता आता. खरखरीत होता, साधा.

"मी परशुराम. ही माझी बायको, वनिता. आमचं लगीन झालं तेव्हापासून आमी एका अंथरुणात झोपतो. तिचं अंग मला आवडतं. तेव्हा आवडायचं, आता पण आवडतं. तरण्या वयासारखं नाय होत. कधी होतं, कधी नाय. नाय झालं तर आमी हसतो. पण मी हात केला की ती हात देते, आणि त्या वेळी मी कोनाचा बाप नसतो, शाहीर नसतो, पेशंट नसतो." तो थांबला. दम लागला होता, डोंगर चढून आल्यासारखा. "हे संपलं असं मला कोनी सांगितलेलं नाय. वयानं नाय, देवानं नाय. रोगानं पण नाय सांगितलं अजून. मग तू कोन?"

सिद्धेश उठला आणि दाराकडे वळला. त्याची मान पार खाली गेली होती.

"बस, सिद्धू," परशुराम म्हणाला. "तुझ्यावर राग नाय. तुला आमी कधी सांगितलंच नाय, तर तू शून्य धरणार नाय तर काय करणार. पण आता ऐकून घे. तुझा बाप आनि तुझी आई ही दोन माणसं हायत."

मुलगा बसला.

"शून्य ते दहा यांपैकी वजन सांगा," आवाज म्हणाला.

"नऊ."

"या वजनासाठी रोग परत येण्याची शंभरात चौदा ही शक्यता मान्य आहे का?"

"मान्य."

"आणि माझं?" वनिताने विचारलं.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. ती उठून उभी राहिली होती. पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतलेला, देवळात उभी राहावी तशी.

"या प्रश्नात जोडीदाराचं उत्तर अपेक्षित नाही," यंत्र म्हणालं.

"नसेल अपेक्षित. तरी लिहून घे गो." वनिता उभीच राहिली. "ह्यांनी नऊ सांगितलं. माझे पण नऊ धर. आनि ते चौदा आहेत ना भीतीचे, त्यातले सात माझ्या नावावर टाक. उद्या काय वाईट झालं, तर ह्यांनी एकट्यानं केलं नाय. दोघांनी मिळून केलं. सिद्धू, ऐकलंस ना? मागाहून माझ्या तोंडाकडे बघायचं नाय. आत्ताच बघून घे."

सिद्धेशने बघितलं. फार दिवसांनी नीट बघितलं असावं. आईच्या केसांत पुढच्या बाजूला पांढरी बट होती आणि तिने त्यावर अबोलीचं फूल माळलं होतं, चिपळूणला यायचं म्हणून.

"मी... तुम्ही मरू नये म्हणून म्हणत होतो," तो म्हणाला. "एवढंच होतं माझं."

"ठाऊक हाय रे." परशुरामने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "पण जगवायचं कोनाला ते तर आधी बघशील."

मग तोच मऊ आवाज आला. "दोन्ही उत्तरं नोंदवली. नेहमीच्या उत्तराशी ती जुळत नाहीत. यापुढे या भागात हा प्रश्न थांबून विचारला जाईल."

डॉक्टर खातू अजूनही खिडकीबाहेर बघत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "शाहीर, पुढचा पेशंट बाहेर बसलाय. जावयाबरोबर आलाय."

"जावयाला चहाला पाठवा," परशुराम म्हणाला.

*

त्या रात्री जुळा पुन्हा लाखो वेळा जगला, ह्या खेपेस वेगळ्या वजनांनी. सकाळी नवी वाट आली. उजव्या अंगातली ठिणगी आणि तिच्याभोवतीचा भाग विजेच्या बारीक ठोक्यांनी विझवायचा. डावी जुडी तशीच सोडायची. दंडावरची पट्टी कायम, आणि ती पुन्हा लाल झालीच तर सगळं काढून टाकण्याचा रस्ता उघडा. यंत्रहाताने तसंच केलं. केसभरही इकडेतिकडे नाही.

सगळं गोडच झालं असं नाही. बरेच दिवस लघवी थेंबथेंब झिरपायची. परशुराम धोतराच्या आत फडक्याची घडी घेऊन हिंडे आणि आरशात पाठ वळवून बघे, ओल दिसते का. एकदा चिडून त्याने तांब्या फेकला. वनिताने तो उचलून आणला, आतून दाबून पोचा काढला आणि तशीच चहाचं आधण ठेवायला गेली. कधीकधी पहाटे दोघंही जागे असत आणि पट्टीच्या हिरव्या टिंबाकडे बघत. ते टिंब हिरवंच राहील अशी हमी कोणीच दिलेली नव्हती.

गणपतीत सिद्धेश आला. गौरीविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी देवळाच्या सभामंडपात बारी उभी राहिली. एका अंगाला गोरिवलेची शक्ती, दुसऱ्या अंगाला परशुरामचा तुरा. बायका उजव्या बाजूला, दाटीवाटीने. झील ओढायला, म्हणजे शाहिराची ओळ मागून उचलायला, एक माणूस कमी पडला तेव्हा सिद्धेश न सांगता येऊन मागे बसला. लहानपणी ओढायचा तो, अजून येत होती.

गण झाला, गौळण झाली. मग परशुरामने ढोलकीवाल्याला खूण केली, आणि सवाल टाकला:

"आई ना बाप, नाळ ना पाळणा, जन्मला माझा भाऊ,
माझंच रूप नि माझंच रगत, त्याला मी कोठे पाहू?
एका रातीत म्हातारा झाला, लाख सरणं चढला,
सांग शक्तीवाल्या, एवढं करून तो कशापायी हरला?"

गोरिवले हसला. भाऊ कोण ते त्याला ठाऊक होतं. सभेत बसलेल्या निम्म्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. तो उठून उभा राहिला, डफावर थाप मारली, "भाऊ तुझा तो जुळा गड्या," इथपर्यंत आला आणि अडला. कशापायी हरला? थाप पडत राहिली. नाचणारी पोरं रिंगणात जागच्या जागी पाय झुलवत थांबली.

बायकांच्या बाजूने कोणीतरी खाकरलं. बारीत बायका बोलत नाहीत.

"त्याला बायको नव्हती," वनिता म्हणाली.

क्षणभर ढोलकीसुद्धा थांबली. मग बायकांतून हसू फुटलं, पुरुषांत पसरलं. म्हातारे मांड्यांवर थापा मारू लागले. गोरिवलेने डफ खाली ठेवला आणि हात जोडले. परशुरामला नाही, बायकांच्या बाजूला. "हरलो," तो म्हणाला. "ह्या जवाबापुढं हरलो." मग वाकून परशुरामच्या कानाशी आला. "राधा आली रे काल. कडवंभर बसली."

परशुरामला बसवेना. खुंटीवरचे चाळ त्याने सकाळीच आणले होते, का ते त्यालाही ठाऊक नव्हतं. पायात बांधले आणि पोरांच्या रिंगणात शिरून एक फेरा नाचला. एकच. फडक्याची घडी ओली झाली. होऊ दे, म्हणाला.

दिवे लागायच्या सुमाराला तो घराकडे निघाला. वनिता पुढे गेली होती. बेड्यापाशी येताच जुन्या सवयीने त्याने चाळ पायातून काढले आणि मुठीत घट्ट धरले. पडवीत उजेड होता. सिद्धेश तिथे पाय पसरून बसला होता, त्याने बापाला येताना बघितलं.

परशुराम उंबऱ्याशी थांबला. मुठीत घुंगरं गरम झाली होती. त्याने बोटं सैल केली, एकेक करून, सगळी.

चाळ वाजत होते. तसाच, पोरासमोरून, वाजतगाजत तो आत गेला.